डौला म्हणजे भाड्याचे नातेवाईक नव्हेत

रातराणी (न्यू जर्सी):
काल पेठकरांनी इथे लिहिलं, "अमेरिकेत आता मरतानाही सोबतीला बाई भाड्याने मिळते, डेथ डौला म्हणे, आपल्याकडे त्यासाठी रक्ताची माणसं असतात." ते वाचून मला झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

माझे सासरे गेल्या वर्षी आमच्या घरीच गेले. लिव्हरचा कॅन्सर. हॉस्पिस (बरं होणार नाही अशा पेशंटचा त्रास कमी ठेवणारी सेवा) घरीच सुरू होतं, पण नर्स येणार आठवड्यातून दोनतीनदा, तासभर, बाकी सगळा वेळ घरचेच. रक्ताची माणसं सातजण होतो आम्ही घरात आणि सातहीजण घाबरलेले. शेवटी घशात घरघर सुरू झाली तसा नवरा ९११ ला (इथला ॲम्ब्युलन्सचा नंबर) फोन लावायला धावला, बाबा गुदमरतायत म्हणून. आमची डौला (हॉस्पिसची स्वयंसेवक, एक डॉलरही घेतला नाही तिने) म्हणाली, लाळ गिळता येत नाहीये म्हणून तो आवाज आहे, त्यांना बहुतेक जाणवतही नाहीये, चला कुशीवर वळवू. वळवलं, आवाज कमी झाला. फोन लागला असता तर बाबा नळ्या घातलेल्या अवस्थेत गेले असते.

औषधाला तिने हात लावला नाही, ते तिचं कामच नाही. ओल्या बोळ्याने ओठ कसे पुसायचे, भूक गेली की बळंच का भरवायचं नाही, पाय गार पडून निळसर चट्टे येतील, श्वास थांबून थांबून चालेल, हे सगळं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. रात्री कोण जागणार ते ठरवून दिलं. आणि बाबांना विचारलं, काय ऐकायचंय? हरिपाठ, म्हणाले. आम्हाला कोणालाच विचारायचं सुचलं नव्हतं.

पेठकर:
ताई, तुमचं दुःख समजतं, पण हे सगळं माझ्या आजीला येत होतं. माणूस कधी जाणार हे ती पाय बघून सांगायची, गंगाजल नि तुळशीपत्र काढून ठेवायची. तिने कुठला कोर्स केला नव्हता. आमच्या सोसायटीत अकरा फ्लॅटमध्ये नुसते म्हातारे आईबाप आहेत, मुलं परदेशात, कॅमेऱ्यातून बघतात. उद्या ही मुलं डौलाचे पैसे ऑनलाइन भरतील नि सुटले म्हणतील. माझा राग त्यावर आहे.

रातराणी:
परदेशातली सगळी मुलं तशी नसतात हो! मी तीन महिने बिनपगारी रजा काढली होती.

शुश्रूषा:
मी नर्स आहे, अशा पेशंटमध्ये पंधरा वर्षं काम केलंय. भांडताय कशाला, आपल्याकडे हे काम कधीचं चालू आहे. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन हे हॉस्पिस १९८६ चं. पुण्यात वारज्याचं सिप्लाचं असंच केंद्र १९९७ पासून आहे, तिथे पेशंटबरोबर घरचं माणूस राहतं, त्याला शिकवतात आणि पैसे घेत नाहीत. केरळात तर १९९३ ला कोझिकोडपासून सुरुवात झाली, आता तिथे शेजारीपाजारीच ट्रेनिंग घेऊन घरोघर जातात. पेठकरांच्या आजीचंच काम ते, पण आजी उरल्या नाहीत म्हणून शिकवावं लागतं. डौला म्हणा नाहीतर काही म्हणा, रात्री दोन वाजता दार वाजवून येणारं कोणीतरी हवं.

नाना_कोल्हापूर:
हे सगळं ठीक, पण मरणाऱ्याला "तू मरणार" असं सांगायचं का? ही डौला मंडळी मोकळेपणाने बोला म्हणतात. आमच्या वहिनीला एकाने सांगून टाकलं, तिने त्या दिवसापासून अन्न सोडलं, महिन्यात गेली.

रातराणी:
नाना, अन्न सुटणं हा आजाराचाच भाग असतो.

नाना_कोल्हापूर:
तुम्ही होता का तिथे? मी होतो. तिचे डोळे मी बघितलेत.

शुश्रूषा:
नाना, रागावू नका, पण बहुतेक पेशंटना आधीच कळलेलं असतं. एका काकांनी मला विचारलं, "सिस्टर, हे घरचे नाटक किती दिवस करणार? मला बँकेचं सांगायचंय." घरचे म्हणायचे, तुम्ही बरे होणार. काकांचं बोलायचं राहिलं, ते तसेच गेले, बायकोने नंतर खात्यांसाठी दोन वर्षं खेटे घातले. सगळ्यांना तोंडावर सांगा असं नाही म्हणत मी, त्यांनी विचारलं तर खोटं बोलू नका एवढंच.

नाना_कोल्हापूर:
विचारलं तर. बरं. पण आपणहून नाही. यावर मी हटणार नाही.

पेठकर:
दोन दिवस लिहू का नको करत होतो. माझी आई आयसीयूतच वारली. मी बाहेर बाकड्यावर, आत सोडत नव्हते. आदल्या रात्री तिला अशीच घरघर लागली होती, मीच घाबरून नेलं. आजीला येत होतं ते मला येत नव्हतं, एवढं कबूल करतो. तिला घरीच राहायचं होतं. हे आधी लिहून ठेवायचं असतं का काही?

शुश्रूषा:
हो दादा. सुप्रीम कोर्टाने २०१८ ला लिव्हिंग विल (शेवटी कुठले उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद) मान्य केलं, २०२३ ला नियम सोपे झाले, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही. पण कागद एकटा पुरत नाही, घरच्या सगळ्यांना बसवून सांगावं लागतं, नाहीतर ऐन वेळी कोणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावतंच.

पेठकर:
वडील ८४ चे आहेत. रविवारी बसतो त्यांच्याशी. डौला शब्द मात्र मला आवडणार नाही.

रातराणी:
नका वापरू. श्वासाचं नि कुशीवर वळवायचं तेवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा.