ग्राफिकल प्रोग्रॅमिंगच्या साधनात शॉर्टकट वापरकर्त्याला बदलू द्यायचे आहेत. रचना कशी असावी?

प्रश्न

ब्राउझरमध्ये चालणारे ग्राफिकल प्रोग्रॅमिंगचे एक साधन मी तयार करत आहे. कॅनव्हासवर नोड (एकेक काम करणारे चौकोन) मांडायचे, ते तारांनी जोडायचे आणि प्रोग्रॅम चालवायचा, असे त्याचे स्वरूप आहे. सध्या सगळे शॉर्टकट एकाच कीडाउन हँडलरमधील (कळ दाबताच चालणाऱ्या कोडमधील) भल्यामोठ्या स्विचमध्ये, म्हणजे कळ पाहून कृती निवडणाऱ्या पर्यायांच्या साखळीत, लिहिलेले आहेत आणि आता आपापले शॉर्टकट ठरवू द्यावेत म्हणून वापरकर्ते मागे लागले आहेत. अडचण अशी की, आहेत तेच शॉर्टकट नीट वागत नाहीत. काल एकाने नोडचे नाव बदलताना चुकलेले अक्षर खोडण्यासाठी डिलीट दाबले, तर तो नोडच चारही तारांसकट नाहीसा झाला. सेटिंगमध्ये कळांची यादी देऊन ती बदलू देणे पुरेसे होईल, की मुळातूनच रचना बदलावी लागेल?

उत्तर १

यादी हे शेवटचे काम आहे. आधी कळ आणि कृती यांची फारकत करा. ‘नोड काढा’, ‘तार तोडा’, ‘पूर्ववत करा’ अशा प्रत्येक कृतीला एक कायमचे नाव द्या आणि मेनू, टूलबार व शॉर्टकट या तिघांनीही त्याच नावाने ती कृती बोलवावी. मग शॉर्टकट म्हणजे तीन रकान्यांचा तक्ता उरतो: कोणती कळ, कोणती कृती आणि कोणत्या परिस्थितीत. हा तिसरा रकाना तुमच्याकडे नाही, म्हणूनच नोड उडाला. व्हिज्युअल स्टुडिओ कोड या कोड लिहिण्याच्या साधनात प्रत्येक शॉर्टकटला ‘व्हेन’ ही अट जोडता येते, ती याचसाठी. तुम्हाला कॅनव्हास, नोडमधील मजकूर, शोधपेटी आणि तार ओढणे चालू असतानाची अवस्था, एवढ्या चार परिस्थिती पुरतील. शेवटची विसरू नका. अर्धवट ओढलेली तार एस्केपने सुटावी, त्याच्यासोबत नोडांची निवड जाऊ नये.

साठवताना वापरकर्त्याने केलेले बदल तेवढेच साठवा. संपूर्ण तक्ता साठवलात, तर पुढच्या आवृत्तीत दिलेला नवा शॉर्टकट जुन्या वापरकर्त्यांपर्यंत पोहोचणार नाही. मात्र मूळ शॉर्टकट काढून टाकणे हाही बदलच आहे आणि त्याची स्वतंत्र नोंद लागते.

उत्तर २

वरील रचना योग्य आहे, पण ‘कोणती कळ’ हा रकाना दिसतो तितका सरळ नाही. ब्राउझर प्रत्येक दाबाबरोबर दोन गोष्टी कळवतो: ‘की’ म्हणजे उमटलेले अक्षर आणि ‘कोड’ म्हणजे कळफलकावरील जागा. जर्मन कळफलकावर वाय आणि झेड यांची अदलाबदल असते. तेथे केवळ ‘कोड’ पाहिलात, तर पूर्ववत करण्यासाठी वाय असे लिहिलेली कळ दाबावी लागेल. उलट केवळ ‘की’ पाहिलात आणि वापरकर्त्याने इन्स्क्रिप्ट (देवनागरी कळमांडणी) चालू ठेवलेले असेल, तर केच्या जागी ‘क’ येईल आणि शॉर्टकट मुकाट्याने निष्फळ ठरेल. म्हणून आधी ‘की’ पाहावी आणि अक्षर लॅटिन नसेल तर ‘कोड’कडे वळावे.

विंडोजवर कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र दाबणे हे ऑल्ट-जीआर (जादा चिन्हांसाठीची उजवी ऑल्ट) कळेसारखेच धरले जाते आणि अनेक युरोपीय मांडण्यांत त्यानेच चिन्हे उमटतात; मूळ शॉर्टकटांत ही जोडी टाळा. शिवाय कंट्रोल-डब्ल्यू, कंट्रोल-टी यांसारख्या जोड्या ब्राउझर सहसा स्वतःकडेच ठेवतो. नवा शॉर्टकट नोंदवायच्या पेटीत कोणी कंट्रोल-डब्ल्यू दाबून पाहिले, तर पेटीसकट सगळा टॅब मिटेल, त्यामुळे चालू काम आपोआप जतन होत असलेले बरे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. अनरीअल या गेम इंजिनच्या ब्लूप्रिंट या ग्राफिकल प्रोग्रॅमिंगमध्ये बी दाबून ठेवून क्लिक केले की ब्रँच नोड (अटीनुसार वाट निवडणारा) येतो. अशी एकेरी अक्षरे देणे योग्य ठरेल का?

उत्तर ३

द्या, कारण एक हात माउसवरच असतो आणि दुसऱ्याला जोडकळांची कसरत करावी लागत नाही. परंतु दाबून ठेवलेली कळ सुटल्याची खबर नेहमी मिळतेच असे नाही. कळ दाबलेली असतानाच वापरकर्ता दुसऱ्या खिडकीत गेला, किंवा मॅकवर कमांड दाबलेली असताना दुसरी कळ सुटली, तर कीअप येत नाही आणि परतल्यावर प्रत्येक क्लिकला ब्रँच नोड उगवू लागतात. खिडकीचा फोकस जाताच दाबलेल्या कळांची नोंद पुसून टाका.

वेब सर्वांना वापरता यावे यासाठीच्या २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या मार्गदर्शक तत्त्वांमधील २.१.४ हा निकष याच बाबीविषयी आहे: एकेरी अक्षरांचे शॉर्टकट बंद करता यावेत, बदलता यावेत किंवा संबंधित घटकावर फोकस असतानाच चालावेत. बोलून मजकूर भरणाऱ्याचा एखादा शब्द कॅनव्हासवर पडला, तर त्यातील प्रत्येक अक्षर आज्ञा ठरते.

पहिल्या उत्तरातील परिस्थितीचा रकाना आत असू द्या, पण वापरकर्त्यापुढे तो जसाच्या तसा मांडू नका. बहुतेकांना फक्त ‘ही कळ आधीच तार तोडण्यासाठी आहे’ एवढेच कळायला हवे, आणि तेही दोन्ही शॉर्टकट एकाच परिस्थितीत चालत असतील तरच. नोंदणीच्या पेटीने टॅबची कळ गिळू नये, अन्यथा माउस न वापरणारा त्या पेटीतच अडकेल.

प्रश्नकर्ता

कृतींना नावे द्यायला बसलो तेव्हा लक्षात आले की, स्विचमधील डिलीट तीन निरनिराळी कामे करत होते आणि त्यांपैकी एक मेनूत कुठेच नव्हते. आधी ती तिन्ही वेगळी करतो. सेटिंगची खिडकी त्यानंतर.