मदत हवी आहे: जुन्या एसयूव्हीत ऑल-व्हील ड्राइव्हसाठी सव्वा लाख जास्त मोजावेत का? (कणकुंबी भाग, पावसाळी पाणंद)

नमस्कार मंडळी,

मी बेळगावात नोकरीला आहे. घर जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या अलीकडं. आई-बाबा तिथंच असतात, थोडी भातशेती आणि काजूची बाग आहे. दर शनिवारी जातो, सोमवारी पहाटे परत. उन्हाळ्यात काही अडचण नाही. अडचण जून ते ऑक्टोबरची, आणि तीही सगळ्या वाटेची नाही. बेळगावपासून चोर्ला घाटाकडं जाणारा रस्ता खड्ड्यांचा असला तरी डांबरी आहे, कुठलीही गाडी जाते. डांबर सुटलं की घरापर्यंत सातशे मीटर तांबड्या मातीची पाणंद आहे. सगळं अडतं ते तिथं.

गेल्या जुलैत रात्री साडेदहाला आईला थंडी भरून ताप आला, धाप लागली. माझी छोटी हॅचबॅक अंगणात होती. आईला बसवून निघालो आणि ओहोळाच्या पुढच्या चढावर पुढची चाकं जागेवरच फिरायला लागली. बाबांनी आणि शेजारच्या दोघांनी ढकलली, चाकाखाली गोणपाटं टाकली, पिंजर टाकलं. गाडी दोन हात पुढं जायची आणि तिरकी होऊन बांधाकडं घसरायची. शेवटी आईला खुर्चीवर बसवून आम्ही चौघांनी डांबरापर्यंत उचलून नेलं. वरून पाऊस. तिथून एका ओळखीच्या जीपनं बेळगाव गाठलं. आई आता बरी आहे. पण तिच्या अंगावरची घोंगडी भिजून जड झाली होती, ते ओझं मला अजून हाताला जाणवतं. त्या रात्रीच ठरवलं की पुढच्या पावसाळ्याआधी गाडी बदलायची.

दोन गाड्या बघून ठेवल्यात, दोन्ही रेनॉच्या डस्टर डिझेल, दोन्ही २०१६ च्या. एक ऑल-व्हील ड्राइव्ह, कोल्हापूरची, एमएच-०९, ९२,००० किमी झालेली. दुसरी साधी, फक्त पुढच्या चाकांवर चालणारी, इथलीच केए-२२, ७०,००० किमी, आणि सव्वा लाखानं स्वस्त. माझ्यासाठी सव्वा लाख ही लहान रक्कम नाही. काजूचं एका हंगामाचं उत्पन्न त्यात जातं.

एक मित्र म्हणतो, चिखलात चारही चाकं ओढणारी गाडी नसेल तर घेऊच नको. मामेभाऊ बोलेरोतून दूध वाहतो, तो म्हणतो टायर बघ, बाकी सोड. दोघंही रोज गाडी चालवणारे आहेत, म्हणून माझा गोंधळ जास्त. वर्षातल्या चार महिन्यांच्या सातशे मीटरसाठी हे घ्यावं का? आणि जुन्या गाडीत ही यंत्रणा धड आहे हे ओळखायचं कसं?

घाटवाट

दादा, आईची तब्येत आता ठीक आहे हे वाचून बरं वाटलं.

आधी एक करा. पाऊस पडून गेल्यावर ती सातशे मीटर पायी चाला आणि गाडी नेमकी कुठं अडते ती जागा पावलांनी मोजा. सातशे मीटर कुणाची गाडी अडत नाही, अडते ती तीस-चाळीस पावलांत. ती जागा चढ आहे, खड्डा आहे की सपाट चिखल, यावर उत्तर अवलंबून आहे.

चढ असेल तर ऑल-व्हीलचा फायदा खरा आहे. चढावर गाडीचं वजन मागच्या चाकांवर जातं आणि पुढची हलकी होतात. तुमच्या हॅचबॅकची ओढणारी चाकं नेमकी तीच. मामेभावाची बोलेरो मागच्या चाकांवर चालते, म्हणून टायर चांगले असले की ती चढते. त्याचा अनुभव खोटा नाही, पण तो तुमच्या गाडीला लागू पडत नाही.

चाकोरी खोल असेल आणि गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकत असेल तर चारही चाकं फिरून उपयोग नाही, तिथं जमिनीपासूनची उंची लागते. डस्टरची उंची साधीत २०५ आणि ऑल-व्हीलमध्ये २१० मिलिमीटर, म्हणजे तिथं दोन्ही सारख्याच.

आणि हे नीट लक्षात ठेवा: ऑल-व्हील गाडीला ओढते, थांबवत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांना असतात. उतारावर आणि घाटातल्या धुक्यात वळणावर तुम्हाला धरून ठेवतात ते टायरच. चढ सहज चढला म्हणून उतारावर बेफिकीर राहिलेले लोक मी ओढ्यात गेलेले पाहिलेत.

गिअरकाम

मी उद्यमबागेत मशीनवर काम करतो, अशा गाड्यांचे जुने भाग हातातून जातात. दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो.

डस्टरची यंत्रणा जीपसारखी नाही. तिच्यात लो गिअरचा, म्हणजे सावकाश पण जास्त ताकदीनं ओढणारा, वेगळा डबा नाही, त्याऐवजी पहिला गिअरच तोकडा दिलाय. नेहमी पुढची चाकं ओढतात. मागच्या डिफरन्शिअलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याच्या, तोंडाशी विजेवर चालणारा क्लच असतो, त्याला आम्ही कपलिंग म्हणतो. पुढची चाकं घसरली की तो आवळतो आणि मागं ताकद जाते. डॅशबोर्डखाली गोल बटण आहे, त्यावर टू-व्हील, ऑटो आणि लॉक. लॉकवर टाकलं की घसरायची वाट न बघता कपलिंग आधीच आवळून राहतं. चिखलात शिरण्यापूर्वी लॉक करायचं, अडकल्यावर नाही. अडकल्यावर चाकं फिरवत बसलात तर कपलिंग तापतं, आणि तापलं की स्वतःला वाचवायला सोडून देतं. मग ती गाडी आणि तुमची हॅचबॅक एकच.

आता बघायचं काय ते. सगळ्यात आधी टायर. चारही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. पुढं नवे आणि मागं जुने असले की चाकांचा घेर बदलतो आणि कपलिंगला वाटतं की पुढची-मागची चाकं कायम वेगळ्या गतीनं फिरतायत. ते उगाच आवळत-सोडत राहतं आणि झिजतं. साध्या गाडीत दोनच टायर बदललेले चालून जातात, इथं ती बचत महागात पडते. विकणाऱ्यांतल्या पुष्कळांना हे ठाऊकच नसतं.

मग गाडी खडीच्या जागेवर न्या. लॉक करा, पहिल्या गिअरमध्ये क्लच जरा जोरात सोडा आणि कुणाला तरी बाजूला उभं करून मागची चाकं खडी उडवतात का बघायला सांगा. डॅशबोर्डवर लॉकचा नुसता दिवा लागला म्हणून विश्वास ठेवू नका. त्यानंतर ऑटोवर टाकून डांबरावर स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फिरवा. गाडी अडखळली, खालून टकटक आली तर एकतर टायरचा घोळ आहे नाहीतर कपलिंग गेलंय. कोरड्या डांबरावर लॉक करून मात्र वळवू नका, त्यात सगळ्या शाफ्टवर पीळ बसतो.

शेवटी गॅरेजच्या खड्ड्यावर नाहीतर लिफ्टवर घेऊन खालून बघा: मागच्या डिफरन्शिअलला तेलाचा ओघळ, मागं ताकद नेणाऱ्या लांब शाफ्टच्या जॉइंटला ढिलाई, मागच्या चाकांच्या दोन्ही शाफ्टचे रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरची आवरणं, फाटलेत का. बूट फाटला की आपली तांबडी माती आत जाऊन जॉइंट खाते. मागचं तेल कधी बदललं ते विचारा. उत्तर देता आलं नाही तर कधीच बदललेलं नाही असं धरा.

आणि गाडी कधी बंद पडलीच तर दोन चाकं उचलून ओढायला देऊ नका, पूर्ण गाडी वर घेणारा ट्रक मागवा.

काळीमाती

मी सौंदत्तीकडचा. आमच्या काळ्या रानात ऑल-व्हीलचा भरवसा धरू नका असंच मी सांगेन. ती माती टायरच्या नक्षीत भरते, मडगार्डमध्ये भरते, दहा फुटांत चारही टायर गुळगुळीत होतात. मग चार चाकं काय नि सहा काय. पाऊस पडला की आम्ही गाडी रस्त्यावरच ठेवून चालत जातो. तुमच्याकडं तांबडी माती, वर निसरडा थर आणि खाली जांभ्याचा टणकपणा, म्हणून तुमच्याकडं टायर धरायला काहीतरी आहे. दोन्हीकडचे अनुभव एकत्र करू नका एवढंच.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. घाटवाट, तुम्ही सांगितल्याप्रमाणे रविवारी बाबांना घेऊन चाललो. दोन जागा सापडल्या. ओहोळापुढचा चढ, माझी पंचावन्न पावलं. आणि अंगणाच्या तोंडाशी बारा पावलांचा सपाट चिखल. बाकीच्या वाटेत काहीच नाही. गंमत वाटेल, इतकी वर्षं मी ‘सगळी पाणंद वाईट’ म्हणत होतो. चढावर वरच्या शेताचं पाणी थेट चाकोरीतून वाहतं, बांधाच्या कडेची जुनी चर बुजलीय. बाबा म्हणाले, ती चर आजोबा दर मृगाआधी उसपायचे.

घाटवाट

मग चर आधी उसपा, गाडी मागाहून. पाणी कडेनं गेलं की निम्मं काम झालं. अंगणातल्या बारा पावलांवर जांभ्याच्या चिपा आणि मुरूम टाका, एका ट्रॉलीत होईल. राहिला फक्त चढ. दोन्ही गाड्या त्याच चढावर आणा आणि मध्येच थांबवून परत उचलून बघा. खरी परीक्षा तीच. वेगात चढणं वेगळं आणि आजारी माणूस मागं बसलेला असताना थांबून पुन्हा निघणं वेगळं.

पासिंगवाला

गाडीबरोबर कागदांचाही हिशोब धरा. एमएच-०९ गाडी घेऊन इकडं कायम ठेवणार असाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे बारा महिन्यांच्या आत कर्नाटकाचा नंबर घ्यावा लागतो. कोल्हापूरहून फॉर्म २८ वर ना-हरकत, गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र, आणि इथं गाडीच्या वयाप्रमाणे आजीवन कर. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो, पण अर्ज आपणच करायचा आणि वेळ लागतो. म्हणजे तुमचा फरक सव्वा लाखाचा नाही, कर धरून जास्तच आहे. सीमेवर राहणारे आपण रोज इकडं-तिकडं करतो म्हणून हे विसरतो. करार करण्याआधी बेळगावच्या आरटीओत त्या गाडीचा कर किती बसतो ते विचारूनच बोलणी करा.

मूळ धागाकर्ता

उशिरा लिहितोय, पण करून बघूनच लिहायचं होतं.

परवाच्या पावसानंतर दोन्ही गाड्या चढावर आणल्या. दोन्ही मालक सोबत आले, मनाचा मोठेपणा. साधी डस्टर धाव घेऊन वर गेली, पण मध्ये थांबवल्यावर परत उचलली नाही. चाकं फिरली आणि हॅचबॅकसारखीच बांधाकडं कलली. ऑल-व्हील गाडी ऑटोवर अर्धा फेरा घसरून निघाली. लॉकवर टाकल्यावर त्याच जागेवरून, क्लच सावकाश सोडला तर, न घसरता वर गेली. बाबा तिथंच उभे होते. काही बोलले नाहीत, परत एकदा करून दाखव म्हणाले.

उतरताना मात्र दोन्ही सारख्याच घसरल्या. ते बघितलं नसतं तर मी घाटवाट यांचं म्हणणं इतकं मनावर घेतलं नसतं.

गिअरकाम, तुम्ही म्हणालात तेच निघालं. पुढं नवे टायर, मागं पार झिजलेले. मालकाला खरंच माहीत नव्हतं. गोल फिरवताना किंचित अडखळली. उद्यमबागेत लिफ्टवर घेऊन बघितली, बूट शाबूत, तेलाचा ओघळ नाही. चार सारखे टायर तात्पुरते चढवून परत फिरवली तर अडखळणं गेलं. चार नव्या टायरांची किंमत आणि इथल्या कराची निम्मी रक्कम मालकांनी कमी केली. गाडी घ्यायचं ठरवलंय, ना-हरकत हातात आल्यावरच उरलेले पैसे देईन. चर बाबांनी आणि मी उसपली, मुरूम मेमध्ये टाकणार.

आता एकच राहिलं. टायरचं माप २१५/६५ आर १६ आहे. रोजचं माझं डांबर, आठवड्याला सातशे मीटर चिखल. पूर्ण चिखलाचे खडबडीत टायर घेतले तर ओल्या डांबरावर, चोर्ल्याच्या वळणांवर पकड कमी पडेल अशी भीती वाटते. मधल्या प्रकारचे, दोन्हीकडं चालणारे टायर या मापात बेळगाव किंवा कोल्हापुरात कुणी बसवलेत का? पावसाळ्यात वापरून किती किलोमीटर झाले आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा लागतो, एवढं सांगितलंत तर पुढच्या शनिवारी घेऊन टाकतो.