२ बाय २ वरचा साग, सहावं वर्ष: विरळणी करू का नुसत्या फांद्या मारू?

वरकस_शेती: नमस्कार मंडळी, संगमेश्वर तालुक्यात आमच्या एका एकरात साग आहे, २ बाय २ मीटरवर लावलेला म्हणजे हजारभर झाडं, सहावं वर्ष चालूय. वर पानं एकमेकांत शिरलीत, आतली झाडं उंच गेलीत पण हडकुळी, बांधालगतची जाड आहेत पण नुसत्या फांद्या. बाबा म्हणतात हाताने लावलेलं झाड तोडायचं नाही, फांद्या मार फक्त. मला पुढे फळ्या निघतील असा सरळसोट बुंधा हवाय. काय करू?

चांद्याचा_सागवान: विरळणी कराच भाऊ, आणि लवकर करा. सागाला डोक्यावर ऊन लागतं, शेजाऱ्याची फांदी अंगाला लागली की उंची मिळते पण घेर थांबतो, आणि पैसा सगळा घेरात आहे कारण गाभा, म्हणजे आतलं पक्कं लाकूड, घेराबरोबरच वाढतो. बारक्या बल्लीत पांढरं लाकूडच जास्त, वाळवी आधी तेच खाते. पहिल्या वेळी एक आड एक तिरपी ओळ काढायची जुनी पद्धत आहे, त्यात निम्मी झाडं जातात आणि अंतर साधारण २.८ मीटर होतं. पण माझं मत, डोळे झाकून ओळ काढू नका, आधी ठेवायची झाडं निवडा. सरळ, शेंडा शाबूत, दोन शेंडे न फुटलेलं, त्याला गेरूचा पट्टा मारा, मग त्याच्या डोक्यात डोकं घालणारं झाड काढा, ते जाड असलं तरी.

करवतवाला: फांद्या फक्त पट्टा मारलेल्या झाडांच्या मारा, बाकीच्यांवर मजुरी कशाला घालवता. पानगळ झाल्यावर, पालवी फुटायच्या आत. अंगठ्याएवढी फांदी असतानाच मारली तर जखम पटकन भरते. कोयता नको, साल फाटते, करवतच घ्या. फांदी खोडाला मिळते तिथे फुगीर कडं दिसतं, त्याला धक्का न लावता अगदी बाहेरून कापा. खुंट ठेवला तर तो वाळतो, खोड त्याच्याभोवती वाढत जातं आणि पुढे फळी चिरल्यावर तीच काळी गाठ सुटून भोक पडतं. जाड फांदीला आधी खालून थोडा काप द्या, नाहीतर पडताना साल सोलत खाली येते. आणि एका वेळी झाडाच्या उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शापर्यंतच, वरचा पाला राहिला तरच झाड भरेल.

रानातला: दोघांचं बरोबर आहे, फक्त हडकुळी झाडं एकदम उघडी पाडू नका, पहिल्याच वादळी पावसात वाकतील. दोन वर्षांत विभागून काढा. तोडलेल्या बुडख्यांना पावसात धुमारे येतात ते मोडत राहा, उभ्या खोडावर कोंब फुटले तर कोवळे असतानाच खुडा. आणि स्वतःच्या मालकीचा असला तरी साग तोडायला परवानगी लागते, वाहतुकीचा पास वेगळा. सातबारा घेऊन आधी वनक्षेत्रपालांच्या ऑफिसात जा, मगच कुऱ्हाड.

वरकस_शेती: खूप आभार सगळ्यांचे. निवड करायला बाबांनाच सोबत नेतो, कुठली झाडं ठेवायची हे त्यांनीच ठरवलं तर तोडायलाही तयार होतील. बांधालगतच्या फांदाळ झाडांचं काय करू पण?

रानातला: ती राहू देत, निदान पश्चिमेकडची तरी. फळ्या नाही मिळणार त्यांच्यातून, पण आतल्या झाडांचा वारा तीच अडवतात.