मदत हवी आहे: इराणमध्ये ‘हक्क’ शब्दाचा अर्थ कधी बदलला?

अभ्यास मंडळात वीस मिनिटं बोलायचंय आणि एका सांध्यावर अडकलोय.

डिसेंबर 1905 मध्ये साखर महागली म्हणून तेहरानच्या व्यापाऱ्यांना तळपायांवर फटके मारले. लोक चिडले, पण मागणी काय, तर अदालतखाना, म्हणजे न्याय द्या. पुढच्या उन्हाळ्यात हजारो माणसं ब्रिटिश वकिलातीच्या आवारात ठाण मांडून बसली, तेव्हा ती थेट मजलिस, म्हणजे संसद, मागत होती. राज्यघटनेच्या 1907 च्या पुरवणी कायद्यात तर ‘इराणी राष्ट्राचे हक्क’ असं स्वतंत्र प्रकरणच आलं; कलम 8 म्हणतं, कायद्यापुढे सगळे समान. (बायकांना मतदान मात्र 1963 मध्ये!)

प्राचीन इराणी राजा सायरसच्या कोरीव लेख असलेल्या मातीच्या दंडगोलापासून सुरुवात करून पाहिली, पण ती राजाची स्वतःची जाहिरात वाटते. 1891-92 चं तंबाखू आंदोलन (परदेशी कंपनीला दिलेल्या मक्त्याविरुद्धचं) वाचून झालंय. फारसी येत नाही. मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल. 1979 नंतरचं नकोय.

आपला ‘हक्क’ही त्याच अरबी ‘हक़’वरून आलेला. तर राजाकडे मागायचा न्याय, तो राष्ट्राचा हक्क, ही उडी नेमकी कुणाच्या लिखाणातून आली? उलेमांच्या (इस्लामी धर्मपंडितांच्या), परदेशी राहून आलेल्या अधिकाऱ्यांच्या, की वर्तमानपत्रांच्या?