भाच्याला ऑफर लेटर आलंय, पण आधी पैसे भरायला सांगून राहिले

मानेवाड्याची मावशी

नमस्कार. भाच्याचा मेकॅनिकल डिप्लोमा झाला, तेव्हापासून नोकरी शोधून राहिला. काल हिंगणा एमआयडीसीतल्या एका नावाजलेल्या कंपनीचं ऑफर लेटर आलं, पगार महिना ४२,०००. मुलाखत व्हॉट्सअ‍ॅपवर, तीही नुसती टाइप करून. नाव, शिक्षण, कधी रुजू होणार, एवढंच विचारलं. नोंदणीचे म्हणून १,८५० त्यानं घरात न सांगता भरले. आता लॅपटॉप अन् गेटपासची ‘परत मिळणारी ठेव’ म्हणून १२,५०० मागून राहिले, आज पाचच्या आत. पत्रावर गोल शिक्का आहे, सही आहे, खाली सीआयएन, म्हणजे कंपनीचा सरकारी नोंदणी नंबरही आहे. भाऊजी एफडी मोडायला बँकेत निघाले. पोराचा चेहरा इतका खुलला आहे की मला नाही म्हणवत नाही. काय करू? पत्राचा फोटो जोडला आहे.

बुटीबोरी एचआर

ताई, आधी भाऊजींना फोन करा आणि बँकेतून परत बोलवा. हे पत्र खोटं आहे.

मी बुटीबोरीत एका कारखान्याच्या एचआरमध्ये आहे, डिप्लोमावाल्या पोरांची भरती माझ्याकडेच असते. कामावर घ्यायचे पैसे आम्ही पोरांकडून घेत नाही. गेटपास टाइम ऑफिस, म्हणजे कामगारांची हजेरी बघणारं ऑफिस, बनवून देतं, सेफ्टी शूज आणि हेल्मेट स्टोअरमधून मिळतात. शॉपफ्लोअरवरच्या ट्रेनीला लॅपटॉप कशाला लागतो? आणि फ्रेशरला सुरुवातीलाच ४२,००० देताना आमच्या पट्ट्यात मी तरी कोणाला पाहिलं नाही.

आता तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून बघा. सीआयएन २१ अक्षरा-आकड्यांचा असतो: आधी एल किंवा यू, मग पाच आकडे, राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं वर्ष, तीन अक्षरं आणि शेवटी सहा आकडे. तुमच्या पत्रावरचा मोजला तर १९च भरतात. पूर्ण असता तरी तेवढ्यावर विसंबू नका, खऱ्या कंपनीचा नंबर कोणीही उतरवून घेऊ शकतो.

त्याहून पक्की खूण पगाराच्या तक्त्यात आहे. व्यवसाय कर दरमहा ५०० कापलेला दाखवला आहे, म्हणजे वर्षाचे ६,००० झाले. हा कर वर्षाला २,५०० च्या वर लावताच येत नाही, तशी मर्यादा राज्यघटनेतच आहे. महाराष्ट्रात या पगाराला महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापतात. पगारपत्रक बनवणाऱ्या माणसाकडून ही चूक होत नाही. हे पत्र लिहिणाऱ्यानं आयुष्यात कधी पगार काढलेला नाही.

ईमेलचा पत्ताही पाहा. कंपनीच्या नावापुढे आडवी रेघ आणि ‘करिअर्स’ जोडलंय. अशी वेबसाइट कोणीही विकत घेऊन थाटू शकतो. तरी शंका राहिली तर पत्रावरच्या नंबरला फोन लावू नका, तिथे त्यांचाच माणूस बसलेला असतो. हिंगणा काही लांब नाही. भाच्याला गाडीवर घेऊन जा, गेटवर पत्र दाखवा आणि ‘टाइम ऑफिसला विचारायचं आहे’ म्हणा.

धरमपेठची बँकवाली

मावशी, १,८५० कोणाच्या खात्यात गेले ते यूपीआयच्या पावतीवर बघा. तिथे कंपनीऐवजी एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर आणखी काही तपासायची गरजच नाही.

आत्ताच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, रक्कम लहान आहे म्हणून सोडू नका. व्यवहाराचा नंबर हाताशी ठेवा. पैसे पुढच्या खात्यांत सरकायच्या आत तक्रार पोचली तर ते तिथेच अडकवता येतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक जपून ठेवा. भाच्यानं रागात चॅट उडवलं नाही ना, तेवढं बघा. पुरावा तोच आहे.

आणि ‘सॅलरी अकाउंट’ म्हणून एटीएम कार्ड, सिम किंवा पासबुक मागितलं असेल तर अजिबात देऊ नका. अशी खाती दुसऱ्यांचे लुबाडलेले पैसे फिरवायला वापरतात आणि पोलीस आधी खातेदाराच्या दारात येतात.

मानेवाड्याची मावशी

पावतीवर कोण्या माणसाचंच नाव आहे, खातंही साधं बचत खातं. भाऊजी परत आले. हिंगण्याच्या गेटवर साहेबांनी पत्र पाहिलं न पाहिलं तोच सांगितलं, आमचं नाही. १९३० वर तक्रार झाली. पण आधार अन् पॅनचे फोटो आधीच गेले आहेत. त्याचं काय?

बुटीबोरी एचआर

आधारचं बायोमेट्रिक आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून लॉक करा. संचार साथी या सरकारी पोर्टलवर त्याच्या नावानं किती सिम चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर निघाला तर तिथेच कळवता येतं. पॅनवर कोणी कर्ज उचललं का, हे क्रेडिट रिपोर्टमध्ये कळेल. तो आत्ता काढा आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बघा. त्या लोकांचा फोन येत राहील, ‘पैसे परत करतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा’ म्हणतील. उचलूच नका.

पोराला रागावू नका ताई, तो घरासाठीच धडपडत होता. त्याचा बायोडाटा मी इथे मागत नाही, मीही तुम्हाला अनोळखीच. डिप्लोमावाल्यांसाठी केंद्र सरकारचं एनएटीएस नावाचं अप्रेंटिसशिप पोर्टल आहे, नोंदणीला पैसे लागत नाहीत. मार्कशीट स्कॅन करून आज रात्रीच त्याला तिथे नोंदणी करायला बसवा.