परदेशात व्हॉलंटिअर म्हणून इंग्रजी शिकवायला जायचंय, कुणी गेलंय का?

भटकभवानी:
नमस्कार मंडळी. नोकरीतून ब्रेक घेतेय आणि खूप दिवस मनात होतं की कुठेतरी बाहेर जाऊन मुलांना इंग्रजी शिकवावं, सध्या नेपाळ किंवा कंबोडिया डोक्यात आहे. इंग्रजी चांगलंय पण शिकवायचा अनुभव शून्य. एका साइटवर दोन आठवड्यांचा प्रोग्रॅम दिसला, अनाथाश्रमात शिकवायचं, राहणं-जेवण त्यांचं, पण फी दणदणीत आहे. म्हणजे फुकट राबायचं आणि वर पैसेही आपणच मोजायचे? असंच असतं का? आणि सर्टिफिकेट लागतं का? टुरिस्ट व्हिसावर जमतं असं ते म्हणतायत.

खडूफळा:
आधी व्हिसाचं बघा. पगार नाही म्हणजे काम नाही असं आपल्याला वाटतं, इमिग्रेशनवाल्यांना नाही वाटत. नेपाळमध्ये टुरिस्ट व्हिसावर येणाऱ्यांना (भारतीयांना तिथे व्हिसाच लागत नाही, ते वेगळं) बिनपगारी कामालासुद्धा मनाई आहे. "चालतंय हो, सगळे असंच येतात" म्हणणारी संस्था असेल तर पकडले गेल्यावर दंड तुम्ही भरणार, ती नाही.

फीचं म्हणाल तर फी घेणं हाच काही गुन्हा नाही, तुमच्या राहण्याजेवणाचा भार त्या शाळेवर पडू नये हे बरोबरच आहे. फक्त विचारा की यातले किती तिथे पोचतात आणि किती मधल्या कंपनीच्या जाहिरातीत जातात. सरळ आकडा देत असतील तर पुढे बोला.

मास्तरीणबाई:
इंग्रजी येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं हो. फाडफाड बोलणारी माणसं वर्गात उभी राहिली की "अंडरस्टँड?" विचारतात, पोरं एका सुरात "येस" म्हणतात आणि कुणालाच काही कळलेलं नसतं. त्याऐवजी कळलंय की नाही हे उत्तरातून दिसेल असा छोटा प्रश्न विचारायचा, एवढं शिकायलाच वेळ जातो.

सर्टिफिकेट सगळीकडे सक्तीचं नसतं पण करून जा. टेफलचे (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवायचे) ऑनलाइन कोर्स साधारण १२० तासांचे असतात, घरबसल्या होतात, पण बऱ्याच कोर्समध्ये खऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहणं नसतंच. केंब्रिजचं सेल्टा हे इंग्रजी शिकवायचं सर्टिफिकेट महाग आहे, पण त्यात ६ तास खऱ्या वर्गात शिकवावं लागतं आणि मागे बसून कुणीतरी तुमच्या चुका टिपत असतं. घाम फुटतो पण उपयोग तिथेच होतो. तेवढे पैसे नसतील तर ऑनलाइन कोर्स करा आणि जवळपास कुठेही प्रौढांना, मुलांना, मिळेल त्यांना थोडे दिवस शिकवून बघा.

आणि दोन आठवडे?? अमेरिकेचं सरकारी पीस कॉर्प्स १९६१ पासून परदेशात व्हॉलंटिअर पाठवतंय (ते फक्त त्यांच्या नागरिकांसाठी आहे, आपल्याला नाही) आणि त्यांची मुदत २७ महिने, त्यातले पहिले ३ महिने तर नुसतं ट्रेनिंग. दोन आठवड्यांत तुम्हाला मुलांची नावं पाठ होतील, बास.

निवांत_वाचक:
अनाथाश्रम वाचून राहवलं नाही. प्लीज तो ऑप्शन आत्ताच काढून टाका. कंबोडियातल्या अशा संस्थांबद्दल युनिसेफनेच सांगितलंय की तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे येतात म्हणून पैसा येतो आणि पैसा येतो म्हणून गरीब घरातून मुलं आणली जातात, असं ते चक्र आहे. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा केला तेव्हा या प्रकाराचीही दखल घेतली. शिवाय दर पंधरवड्याला नवी ताई येणार, लळा लावणार आणि निघून जाणार, त्या लेकरांनी काय करायचं?

पोलीस क्लिअरन्स न मागता कुणालाही मुलांजवळ सोडणारी संस्था असेल तर तिथे जाऊच नये, मग ती कितीही गोड बोलो.

भटकभवानी:
बापरे, अनाथाश्रमाचं हे माहीतच नव्हतं, कॅन्सल. मग साधी शाळा बघते आणि तीन-चार महिने काढते. पण तेवढ्यात तरी काही होतं का?

मास्तरीणबाई:
होतं, पण तिथल्या बाईंना घरी बसवून तुम्ही वर्ग घेतलात तर नाही. त्यांच्यासोबत उभ्या राहा. बऱ्याच ठिकाणी शिक्षकांचं व्याकरण पक्कं असतं, बोलायचा सराव नसतो, तर शाळा सुटल्यावर त्यांच्याशी गप्पा मारा, त्यांच्याच पुस्तकातल्या धड्यांवर जोडीजोडीने बोलायचे खेळ बनवून द्या. तुम्ही गेल्यावरही ते वर्षानुवर्षं वापरता येतात. जायच्या आधी संस्थेकडून तीन गोष्टी मागवा: कुठलं पुस्तक चालतं, वर्गात किती मुलं, आणि तुमच्या आधीची व्हॉलंटिअर कुठपर्यंत शिकवून गेली. नाहीतर प्रत्येक जण येतो आणि ए फॉर ॲपलपासून सुरू करतो, पोरं कंटाळलेली असतात बिचारी.

भटकभवानी:
आत्ताच मेल टाकला तिघांना. एकाचं लगेच उत्तर आलं, "पुस्तकाची चिंता नको, तुम्ही फक्त प्रेम घेऊन या" 😐

खडूफळा:
😂 पुढचा मेल टाका, "मग फीसुद्धा प्रेमातच घ्या." बाकी दोघांचं काय येतं ते इथे टाका, व्हिसाचं काय लिहिलंय ते बघून सांगतो.