स्टेम सेल संशोधनाला राज्य सरकारने पैसा द्यावा का?

पार्क चौक (धागाकर्ता)
परवा सोलापुरात सिव्हिलच्या रक्तपेढीबाहेर तासभर बसलो होतो. शेजारी अक्कलकोटकडची एक बाई, मांडीवर सात वर्षांची पोरगी. थॅलेसेमिया, म्हणजे रक्ताचा जन्मजात आजार. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवायचं. बाईच्या पिशवीत डबा, चादर आणि शाळेत द्यायच्या रजेच्या अर्जांची थप्पी. सगळे अर्ज लिहून तयार, फक्त तारीख कोरी.

यावर रुळलेला कायमचा इलाज म्हणजे बोन मॅरो प्रत्यारोपण. रक्त तयार करणाऱ्या निरोगी मूलपेशी (म्हणजेच स्टेम सेल) दुसऱ्याकडून घ्यायच्या. टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली देशातलं पहिलं झालं. हा मूलपेशींच्या अभ्यासाचाच प्रताप. तिकडे अमेरिकेत २००१ मध्ये केंद्राने भ्रूणातल्या मूलपेशींच्या संशोधनाचा पैसा आखडला, तर २००४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ३ अब्ज डॉलरचे रोखे मंजूर केले. २०२० मध्ये आणखी ५.५ अब्ज. मग महाराष्ट्राने का करू नये?

कडक भाकरी
उजनी भरली तरी आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, आणि म्हणे स्टेम सेल!
कॅलिफोर्नियाचं अर्धंच सांगितलंत की ओ. रोखे म्हणजे कर्ज. पहिल्या ३ अब्जांची व्याजासकट परतफेड ६ अब्जांच्या घरात जाते. प्रचारात मधुमेह, पार्किन्सन सगळं बरं होणार अशी हवा होती. दुसऱ्या वेळी जेमतेम ५१ टक्क्यांवर निभावलं. शिवाय पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र केंद्राच्या पैशावर चालतंच आहे. राज्याने दुसरी चूल कशाला मांडायची? त्यापेक्षा प्रत्येक गरोदर बाई थॅलेसेमियाची वाहक (स्वतःला त्रास नाही, पण दोष मुलात उतरू शकतो) आहे का, ही तपासणी नीट करा. स्वस्तात काम होईल.

चष्मेवाली
डोळ्यांच्या दवाखान्यात काम करते म्हणून लिहितेय. तंबाखू-विडीचं गाव आपलं. चुन्याची पुडी पोरं दाबतात, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात. मागे चार वर्षांचा मुलगा आणला होता. घरच्यांनी डोळ्यात तूप घातलेलं. अर्धा तास सतत पाणी मारायला हवं होतं. आई म्हणाली, नळ उद्या येणार होता, मडक्यातलं तेवढं प्यायला ठेवलेलं. (भाकरीराव, तुमचा पाण्याचा मुद्दा इथे मात्र लागू पडला.)

बुबुळाच्या कडेला मूलपेशी असतात. त्या जळाल्या की बुबुळावर पांढरा पडदा चढतो, मग नेत्रदानात मिळालेलं बुबुळ बसवलं तरी टिकत नाही. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत २००१ पासून चांगल्या डोळ्याच्या कडेचा कणभर तुकडा घेऊन जळक्या डोळ्यावर नव्या पेशी वाढवतात. त्या पोराला तिकडेच पाठवलं.

कडक भाकरी
ऐकून वाईट वाटलं. पण ते एका न्यासाच्या संस्थेने केलं ना? राज्य सरकारने नव्हे. माझाच मुद्दा झाला.

जुळे सोलापूर
मी विरोधात. कारण घरचंच.
सासऱ्यांना अर्धांगवायू झाला. दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्यात (नाव घेत नाही) कमरेतून स्टेम सेलची तीन इंजेक्शनं दिली. सासूबाईंच्या पाटल्या मोडल्या. फरक शून्य. पावतीवर नुसतं 'प्रोसिजर'. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची नियमावली नंतर वाचली: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं प्रत्यारोपण वगैरे मोजकं सोडलं, तर बाकी सगळं प्रयोगात मोडतं आणि प्रयोगासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. उद्या बजेटमध्ये 'स्टेम सेलसाठी इतके कोटी' असं झळकलं, की या लोकांचे बोर्ड दुप्पट मोठे होतील. सरकारच म्हणतंय म्हटल्यावर कोण थांबणार?

एमएस्सी बायोटेक
जुळे सोलापूर, उलट आहे हो. सरकारी पैशातून रीतसर चाचणी असती, तर सासऱ्यांना इंजेक्शन फुकट मिळालं असतं. 'उपयोग नाही' असा निकाल लागला असता, तर तो छापून आला असता आणि पुढच्या बाईच्या पाटल्या वाचल्या असत्या. अपयश लिहून ठेवायलाही पैसा लागतो.

आणि यश येतच नाही असं नाही. जन्मतः प्रतिकारशक्ती नसलेल्या ५० मुलांच्या स्वतःच्याच मूलपेशी दुरुस्त करून परत घातल्या, त्यातली ४८ सावरली. अमेरिका-ब्रिटनमधला हा निकाल २०२१ मध्ये आला. त्या कामात कॅलिफोर्नियाचा पैसा होता.

माझी भीती वेगळी. आपल्याकडे अनुदान येणार मार्चमध्ये आणि ३१ तारखेच्या आत संपवायचं. पेशींना मार्चएण्ड कळत नाही. दिवाळीतही जाऊन त्यांचं खाद्य बदलावं लागतं. दरवर्षीचा ठरलेला पैसा देणार नसाल, तर इमारतीची फीत कापूच नका.

कडक भाकरी
शेवटच्या ओळीला +१. बाकीचं तसंच.

नवा बाबा
अवांतर: बायकोला आठवा महिना. नाळेतलं रक्त साठवायला हप्ते भरा म्हणून रोज फोन येतोय. भरू का?

एमएस्सी बायोटेक
घरात आधीचं मूल अशा आजाराचं असेल तर डॉक्टरांशी बोला. नसेल तर नको. बाळाला थॅलेसेमिया असला, तर त्याच्या नाळेतल्या रक्तातही तोच दोष असणार, मग ते त्याच्या काय कामाचं? भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक.

पार्क चौक (धागाकर्ता)
चारात एक वाचलं आणि आठवलं, त्या बाईला थोरला मुलगा आहे. शाळेतून येऊन डबा पोचवून गेला होता. त्याच्या मूलपेशी बहिणीशी जुळतात का हे कुणी तपासलंय का, ते विचारायचं राहूनच गेलं. पुढचं रक्त १९ तारखेला आहे म्हणाली होती. सकाळी जाऊन बसतो तिथे.